तालुक्यापर्यंत वेळेत, गावातून मात्र परत : पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या पार्सलांचे निदान आणि उपाय

पांढरकवडा हे नागपूर-हैदराबाद राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ वरचे गाव असल्यामुळे नागपूरहून रात्री निघालेली मालाची गाडी सुमारे दीडशे किलोमीटरचे अंतर विनासायास कापते आणि सकाळी आठच्या सुमारास आमच्या हबसमोर, म्हणजे पार्सलांची वर्गवारी करून ती गावोगाव पाठवण्याच्या जागेसमोर, उभी राहते. घोडे पेंड खाते ते तिथून पुढच्या पंधरा-वीस किलोमीटरांत. केळापूर आणि घाटंजी या दोन तालुक्यांतील गावांमध्ये पार्सल पोहोचवण्याचे काम मी गेली काही वर्षे सांभाळतो आहे. ज्या अडचणीविषयी मी लिहितो आहे ती आर्वी, दारव्हा, धारणी किंवा एटापल्ली या भागांत हेच काम करणाऱ्यांच्या रोजच्या ओळखीची असणार, कारण विदर्भातल्या कोणत्याही तालुक्याच्या हबमध्ये सायंकाळी सात वाजता तेच दृश्य दिसते.

लक्षण असे. पार्सल वाटणारी मुले अकराच्या सुमारास पिशव्या भरून निघतात. सायंकाळी ती परततात तेव्हा पिशवीतला बराच माल तसाच असतो. दुसऱ्या दिवशी त्याच मालात नवा माल मिसळतो, पिशवी जड होते, फेरी लांबते आणि परत येणारा गठ्ठा वाढतो. सहसा तीन प्रयत्नांनंतर पार्सल पाठवणाऱ्याकडे परत जाते. त्यालाच आम्ही आरटीओ ('रिटर्न टु ओरिजिन') म्हणतो. ज्या माणसाने ते मागवले होते तो शेवटपर्यंत गावातच असतो आणि पार्सल का आले नाही हे त्याला कोणी सांगत नाही. पेट्रोल जळते, मुलाच्या हातात पैसे पडत नाहीत, हबचा दर्जा घसरतो. यावर सुचवला जाणारा पहिला उपाय बहुतेक वेळा 'आणखी एक मुलगा आणि आणखी एक गाडी वाढवा' हा असतो. आम्हीही तो करून पाहिला. परत येणारा गठ्ठा त्याने कमी झाला नाही, तो दोन पिशव्यांत वाटला गेला एवढेच. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असा तो प्रकार होता.

सर्वांत आधी 'रिमार्क' तपासा

पार्सल परत आले की ॲपमध्ये कारण निवडावे लागते. 'ग्राहक घरी नाही', 'फोन उचलला नाही', 'पत्ता अपूर्ण', 'तारीख पुढे ढकलली', 'घेण्यास नकार' अशी ती ठरलेली कारणे असतात. आमच्या हबमध्ये अनेक महिने 'ग्राहक घरी नाही' हेच कारण सर्वाधिक यायचे. त्यावरून आम्ही असा निष्कर्ष काढला होता की खेड्यातला ग्राहक बेफिकीर आहे, पार्सल मागवतो आणि घरी थांबत नाही. हा निष्कर्ष साफ चुकीचा होता आणि त्याच्या आधारे घेतलेला प्रत्येक निर्णयही चुकीचाच ठरला.

यंत्रातले कारण बाजूला ठेवून आम्ही प्रत्येक मुलाला एक शंभर पानी वही दिली आणि पंधरा दिवस तीत पाच गोष्टी लिहायला सांगितल्या : गाव, पार्सलवरचा पत्ता जसाच्या तसा, तिथे पोहोचल्याची वेळ, पैसे आधी भरलेले की रोख घ्यायचे, आणि प्रत्यक्षात काय घडले ते स्वतःच्या शब्दांत. त्याच वेळी एक गोष्ट सर्वांसमोर स्पष्ट केली, आणि माझ्या मते या सबंध कामातली तीच सर्वांत महत्त्वाची आहे. 'गेलोच नाही' हे उत्तर लिहायला पूर्ण मुभा राहील आणि त्यासाठी कोणालाही बोल लावला जाणार नाही किंवा कोणाचे पैसे कापले जाणार नाहीत, असे आम्ही सांगितले. ॲपच्या यादीत हे कारण नसते. ते नसल्यामुळे न गेलेल्या गावाचे पार्सलही 'ग्राहक घरी नाही' या रकान्यात जाऊन बसते आणि खरे कारण कायमचे झाकले जाते.

दुसऱ्याच दिवशी एका मुलाने लिहिले होते : 'गेलो नाही. पाच वाजले होते, पोडावर एकच पार्सल होते, मधे जंगल लागते.' या एका ओळीने आम्हाला सबंध यंत्रणेपेक्षा अधिक माहिती दिली. पोड म्हणजे कोलाम आदिवासी बांधवांची वस्ती. टिपेश्वर अभयारण्याच्या आजूबाजूला अशा वस्त्या आहेत आणि २०१८ साली राळेगाव-पांढरकवडा भागाने टी-१ वाघिणीच्या भीतीखाली जे महिने काढले, तेव्हापासून दिवस मावळल्यावर त्या वाटांनी एकट्याने जाण्याचे लोक टाळतात. एका पार्सलसाठी मिळणारी रक्कम पाहता त्या मुलाचा निर्णय योग्यच होता. चूक त्या पोडाचे पार्सल अशा वेळी त्याच्या पिशवीत ठेवणाऱ्या नियोजनाची, म्हणजे आमची होती.

पंधरा दिवसांनी वह्यांतली कारणे सात गठ्ठ्यांत विभागली : पत्ता, फोन, वेळ, पैसा, रस्ता, नकार आणि गेलोच नाही. आमच्याकडे वेळेचा गठ्ठा सर्वांत मोठा निघाला, त्याखालोखाल पत्त्याचा. आणि ज्याला आम्ही ग्राहकाचा दोष समजत होतो तो नकाराचा गठ्ठा बराच लहान होता. तुमच्या तालुक्यात हा क्रम वेगळा असू शकतो, म्हणून वही भरल्याशिवाय पुढचा कोणताही उपाय लागू करू नये.

पत्ता गावाचा असतो, घराचा नसतो

पिनकोड ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. डाक खात्यातील अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची ती कल्पना होती. सहा अंकांतला पहिला अंक विभाग सांगतो, पहिले तीन अंक वर्गवारीचा जिल्हा सांगतात आणि शेवटचे तीन अंक टपाल वाटणारे कार्यालय सांगतात. म्हणजे पिनकोड कार्यालयाची खूण आहे, घराची नाही आणि खेड्यापाड्यांत तर गावाचीही नाही. एकाच पिनखाली अनेक शाखा डाकघरे आणि त्यांच्या हाताखालची गावे येतात. टपालाचे काम यावर चालते, कारण शाखा डाकघरातला ग्रामीण डाक सेवक त्याच भागातला असतो आणि नावावरून घर ओळखतो. खासगी कंपनीचा मुलगा मात्र तालुक्याच्या गावाहून येतो आणि त्याच्या हातात तोच पिन असतो.

पत्त्याच्या चुका ठरावीक असतात, त्यामुळे त्या हबमध्येच पकडता येतात. घाटंजीचा पिन ४४५३०१ आणि पांढरकवड्याचा ४४५३०२. शेवटचा एक अंक चुकला की पार्सल शेजारच्या तालुक्यात जाते. इंग्रजी अक्षरांत लिहिताना आर्वी आणि आर्णी यांत एका अक्षराचाच फरक राहतो, पण एक वर्धा जिल्ह्यात आहे आणि दुसरी यवतमाळ जिल्ह्यात. आमच्या महामार्गावरची करंजी, वाशीम जिल्ह्यातले कारंजा लाड आणि वर्धा जिल्ह्यातले कारंजा घाडगे यांची अशीच गल्लत होते. कळंब यवतमाळ जिल्ह्यातही आहे आणि धाराशिव जिल्ह्यातही. खुर्द आणि बुद्रुक ही जोडगावे असली आणि ग्राहकाने नुसते मूळ नाव लिहिले असले, तर मुलगा एका गावात विचारून परत येतो आणि दुसरे गाव तीन किलोमीटरवर राहून जाते. अशा जोड्यांची आपल्या भागापुरती यादी करून ती वर्गवारीच्या टेबलासमोर भिंतीवर लावली आणि गाव, तालुका, पिन या तिन्हींचा मेळ बसत नसेल ते पार्सल पिशवीत न टाकता आधी फोनच्या ढिगात टाकले, की या प्रकारच्या खेपा वाचतात.

घराची खूण ही याहून कठीण गोष्ट आहे. एका शेतकऱ्याने फवारणी पंपाची बॅटरी मागवली होती आणि पत्ता दिला होता 'टाकीजवळ'. ऑगस्टचे दिवस होते, पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, मावा-तुडतुडे आलेले होते आणि त्याला ती बॅटरी त्याच आठवड्यात हवी होती. आमचा मुलगा दोनदा टाकीजवळ जाऊन आला, त्याने विचारपूस केली, कोणी त्या नावाचे नाही म्हणाले आणि 'पत्ता अपूर्ण' असा शेरा पडला. गावात दोन टाक्या होत्या : एक जुनी, बाजाराच्या जागेवरची, आणि दुसरी जलजीवन मिशनमधून अलीकडे बांधलेली, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. गावकऱ्याच्या मनातली टाकी जुनी होती, मुलाच्या डोळ्यांना दिसलेली टाकी नवी होती. तिसऱ्या दिवशी तो शेतकरी स्वतः पांढरकवड्याला आला, गठ्ठ्यातून पार्सल शोधून घेतले आणि एसटीने परत गेला. त्याची दिवसभराची फवारणी बुडाली. त्या माणसाने एकही उणा शब्द काढला नाही. मला मात्र तो दिवस विसरता आलेला नाही.

तेव्हापासून आम्ही प्रत्येक गावासाठी एक पान ठेवतो. त्यावर गावाचा ढोबळ नकाशा हाताने काढलेला असतो : फाट्याकडून येणारा रस्ता, मारुतीचे देऊळ, जिल्हा परिषदेची शाळा, अंगणवाडी, समाजमंदिर, जुनी टाकी, नवी टाकी, आणि गावाबाहेरचे तांडे, पोड, बेडे किंवा टोल्या. या वस्त्यांची नोंद फार महत्त्वाची आहे, कारण गट ग्रामपंचायतीत त्या मुख्य गावाच्या नावाखाली येतात, पण प्रत्यक्षात दोन-तीन किलोमीटर दूर असतात. पत्ता विचारताना 'घर कुठे' एवढेच न विचारता 'घरातल्या मोठ्या माणसाचे नाव काय' हेही विचारावे. एकाच वस्तीत दहा आत्राम आणि आठ टेकाम असतात, पार्सल नातवाच्या शाळेतल्या नावावर येते आणि गाव त्या घराला आजोबांच्या नावाने ओळखते.

आता नकाशावरच्या बिंदूविषयी. पत्ता ओळखता आला नाही की नकाशाची यंत्रणा गप्प बसत नाही; ती गावाचा किंवा कधी कधी सबंध पिनचा मध्यबिंदू देऊन मोकळी होते. मार्ग आखून देणारे ॲप त्याच बिंदूला खरे मानते आणि पाच वेगवेगळ्या गावांची पार्सले एकाच ठिकाणी आहेत असे समजून फेरीचा क्रम लावते. हे ओळखण्याची सोपी खूण अशी की, वेगवेगळ्या पत्त्यांचे अक्षांश-रेखांश शेवटच्या अंकापर्यंत तंतोतंत सारखे दिसले तर तो बिंदू घराचा नाही हे नक्की. दशांश चिन्हानंतरचा चौथा अंक साधारण अकरा मीटरचा फरक दाखवतो आणि दुसरा अंक साधारण अकराशे मीटरचा. त्यामुळे शेजारच्या दोन घरांतही चौथ्या-पाचव्या अंकाला फरक पडायलाच हवा. ज्या हबमध्ये निम्मे बिंदू असे नकली असतील त्याने मार्ग आखणाऱ्या ॲपवर पैसे घालण्याची घाई करू नये. आधी खरे बिंदू गोळा करावेत आणि ते गोळा करण्याची योग्य वेळ एकच आहे : पार्सल हातात दिल्यावर, ग्राहकाच्या दारात उभे असताना. भारतीय डाक विभागाने २०२५ मध्ये आणलेला डिजीपिन इथे उपयोगी पडतो. तो दहा अक्षर-अंकांचा असतो, सुमारे चार मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनाची खूण सांगतो आणि अक्षांश-रेखांशांवरून थेट काढता येत असल्यामुळे इंटरनेट नसलेल्या वस्तीतही चालतो. गावाच्या पानावर नावासमोर तो लिहून ठेवला की पुढच्या वेळी नवा मुलगाही चुकत नाही. ही पाने आणि फोन क्रमांक मात्र व्हॉट्सॲपच्या गटावर टाकू नयेत. लोकांनी विश्वासाने दिलेली ती माहिती आहे आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोखही ती जपण्याकडेच आहे.

दुपारी गाव रिकामे असते

वेळेचा गठ्ठा मोठा का निघाला, हे वहीतला तिसरा रकाना वाचताच लक्षात आले. गाडी आठला येते, वर्गवारी साडेदहापर्यंत चालते, मुले अकराला निघतात आणि साडेअकरा ते चार या वेळेत गावांत असतात. नेमक्या याच वेळेत गाव वावरात असते. सीतादही, म्हणजे वेचणीच्या आरंभीची पूजा, होऊन कापसाची वेचणी सुरू झाली की बायामाणसे सकाळी नऊला निघतात आणि दिवस कलल्याशिवाय परतत नाहीत. त्यानंतर तूर, मग हरभरा-गहू. घरात म्हातारी आणि लहान मुले असतात. त्यांच्याकडे ओटीपीचा फोन नसतो आणि रोख द्यायला पैसेही नसतात. 'ग्राहक घरी नाही' हा शेरा अशा वेळी खरा असतो, पण त्याचे कारण आमचे वेळापत्रक असते.

उपाय साधा आहे आणि तरीही तो स्वीकारायला आम्हाला वेळ लागला. लांबच्या गावांचा आज आलेला माल आज न नेता, तो दुपारी शांतपणे वर्गवारी करून, गावाप्रमाणे लावून, पिशवीत भरून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला निघायचे. सात ते साडेनऊ या अडीच तासांत माणसे घरी असतात, फोन चार्जिंगला लागलेला असतो आणि घरचा कर्ता माणूसही समोर असतो. दहानंतर महामार्गावरची मोठी गावे, शाळा, दवाखाने, दुकाने आणि बँका घ्यायच्या, कारण तिथली माणसे दुपारीही जागेवर असतात. पार्सल कागदोपत्री एक दिवस उशिरा निघते. पण पूर्वी ते तीन दिवस फिरून परत जात होते.

पिशवी भरण्याविषयीही दोन शब्द लिहितो, कारण तिच्यावर गावागावात पाच-पाच मिनिटे वाया जातात. शेवटच्या गावाचा माल तळाशी आणि पहिल्या गावाचा वर, हा नियम सर्वांना ठाऊक असतो; पण क्रमांक मार्करने पार्सलच्या तीन बाजूंवर लिहिला नाही तर मुलगा भर चौकात सबंध पिशवी रिकामी करतो. आम्ही गावाचा क्रमांक आणि त्या गावातल्या घरांचा क्रम असे दोन आकडे लिहितो.

फोनचा गठ्ठा वेळेशी जोडलेला आहे. ॲपमधून लावलेला फोन ग्राहकाला अनोळखी क्रमांकावरून आलेला दिसतो, फसवणुकीच्या धास्तीने तो उचलत नाही, आणि दुपारच्या सुट्टीत झाडाखाली बसून त्याने उलट फोन केला तर तो मुलापर्यंत पोहोचत नाही. म्हणून आदल्या सायंकाळी सात ते साडेआठ या वेळेत हबच्या एकाच ठरलेल्या क्रमांकावरून फोन जावा, मराठीत जावा आणि त्यात उद्या कोण येणार, किती वाजता येणार, रोख किती लागतील हे सांगावे. काही महिन्यांत तो क्रमांक लोकांच्या फोनमध्ये 'पार्सलवाले' या नावाने जतन झालेला दिसू लागतो. ज्या वस्तीत रेंज नसते तिथे ओटीपी येणारच नाही. अशा वस्त्यांची नोंद गावाच्या पानावर हवी आणि तिथल्या ग्राहकाला कुठे भेटायचे ते आधीच ठरलेले असावे.

गावाचा वार ठरवा

आमच्या भागात गावे रस्त्यावर नसतात. रस्त्यावर असतो फाटा, आणि गाव फाट्यापासून तीन, चार, कधी सात किलोमीटर आत असते. आत गेलेला रस्ता बऱ्याचदा तिथेच संपतो, म्हणून परत फाट्यावर यावे लागते. शहरातली सगळी गणिते इथे चुकतात ती या आत-बाहेरच्या फेरीमुळे. समजा एका मार्गावर पाच फाटे आहेत आणि प्रत्येक गाव चार किलोमीटर आत आहे. सगळ्या गावांत जाऊन यायला फक्त फाट्यांच्या आतले अंतर चाळीस किलोमीटर होते. रोज प्रत्येक गावचे एक पार्सल घेऊन गेलो, तर आठवड्याच्या सहा दिवसांत २४० किलोमीटर धावून ३० पार्सले पोहोचतात, म्हणजे दर पार्सलामागे ८ किलोमीटर. तीच ३० पार्सले साठवून आठवड्यातून दोनच वेळा नेली तर ८० किलोमीटर होतात आणि दर पार्सलामागे पावणेतीन किलोमीटरही पडत नाहीत. वाचलेल्या १६० किलोमीटरांचे पेट्रोल, गाडी ४५ चा ॲव्हरेज देत असेल तर, साडेतीन लिटरांहून अधिक होते. आणि हे एका मुलाच्या एका आठवड्याचे आहे.

म्हणून प्रत्येक आतल्या गावाला आठवड्यातले दोन वार ठरवून द्यावेत आणि ते कधीही मोडू नयेत. वार ठरवताना बाजाराचा वार पाहावा. मजुरीचा चुकारा आमच्याकडे बहुतेक ठिकाणी बाजाराच्या दिवशी होतो आणि घरात रोख पैसा त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी असतो. रोखीची पार्सले बाजाराच्या आदल्या दिवशी नेली तर 'उद्या या' हे उत्तर ठरलेले. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नेली तर पैशाचा गठ्ठा आपोआप हलका होतो. यूपीआय आता खेड्यातही चालते, पण जिथे रेंज नाही तिथे रोखीला पर्याय नाही. पोळा आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीची कर हे दोन दिवस मात्र मोकळे सोडावेत.

औषधे, चष्मे, यंत्रांचे सुटे भाग आणि परीक्षेची किंवा नोकरीची कागदपत्रे यांना वाराचा नियम लावू नये. ती वेगळ्या रंगाच्या पिशवीत ठेवून त्याच दिवशी पाठवावीत आणि त्या एका फेरीचा खर्च हबने सोसावा. हे मी आग्रहाने लिहितो, कारण सरसकट नियम करण्याचा मोह होतो आणि त्यात ज्याला खरी निकड आहे त्याचाच बळी जातो.

या पद्धतीला खरा विरोध ग्राहकांकडून झाला नाही. तो वरून आला. ज्या कंपनीचा माल आम्ही वाटतो तिच्या पडद्यावर हबचा दर्जा 'आलेला माल त्याच दिवशी बाहेर काढला का' यावर ठरतो, त्यामुळे साठवलेली पार्सले आमच्या नावासमोर लाल दिसू लागली. आम्ही पंधरा दिवसांच्या वह्या, किलोमीटरची नोंद आणि पहिल्याच फेरीत पोहोचलेल्या पार्सलांचा हिशेब पुढे ठेवून आतल्या गावांसाठी वेगळी मुदत मागितली. ती एका झटक्यात मिळाली नाही. आधी एका मार्गापुरती मिळाली. तुम्हालाही असेच करावे लागेल. सबंध तालुक्याची पद्धत एकदम बदलू नका, एक मार्ग निवडा आणि आकडे हातात घेऊन बोला.

दुकानात ठेवण्याचा पर्याय आणि त्याच्या मर्यादा

गावातल्या किराणा दुकानात, आपले सरकार सेवा केंद्रात किंवा पिठाच्या गिरणीवर पार्सल ठेवून दुकानदाराला दर नगाप्रमाणे मोबदला द्यायचा, हा उपाय चांगला आहे. पण तो सर्व गावांत सारखा चालत नाही. दुकान निवडताना ते पहाटे आणि रात्री उघडे असते का आणि गावातल्या सर्व वस्त्यांतली माणसे, विशेषतः बाया, तिथे संकोच न करता जातात का, हे दोन प्रश्न विचारावेत. एका गावात आम्ही चौकातले सर्वांत मोठे दुकान निवडले आणि पलीकडच्या वस्तीतली पार्सले तिथेच पडून राहिली, कारण त्या वस्तीतल्या बाया त्या ओट्यावर चढत नाहीत. हे विचारूनच कळते. नकाशावर दिसत नाही. शेवटी त्याच वस्तीतल्या एका शिवणकाम करणाऱ्या ताईंच्या घरी दुसरे ठिकाण केले आणि ते पहिल्यापेक्षा चांगले चालले. दोन्ही ठिकाणी एक नोंदवही हवी : आलेल्याची सही, नेलेल्याची सही आणि तारीख. मौल्यवान वस्तू आणि उघडून पाहायची पार्सले दुकानात ठेवू नयेत, कारण वाद झाला तर तो दुकानदाराच्या माथी येतो.

पावसाळ्यात वेगळा नियम

मृग लागल्यापासून नवरात्रापर्यंत आमच्या भागाचा नकाशाच बदलतो. काळ्या मातीच्या पांदणीवर गारा, म्हणजे चिखल, चाकात आणि मडगार्डात असा घट्ट बसतो की गाडी ढकलूनही जागची हलत नाही. नाल्यांवर अजूनही ठिकठिकाणी रपटे, म्हणजे बसके पूल, आहेत. वर पाऊस झाला की इकडे ऊन असतानाही रपट्यावरून पाणी जाते. आमचा नियम स्पष्ट आहे आणि तो प्रत्येक मुलाकडून दरवर्षी जूनमध्ये वदवून घेतला जातो : रपट्यावर पाणी दिसले की गाडी अलीकडेच थांबवायची, पाणी किती आहे याचा अंदाज घ्यायचा नाही, पलीकडच्या माणसाने हात केला तरी उतरायचे नाही. त्या दिवसाची पार्सले 'रस्ता बंद' या कारणाने परत आली तर त्याच्या पैशांत कपात होत नाही. प्रत्येक रपट्याच्या अलीकडचे एक घर किंवा दुकान आम्ही हेरून ठेवले आहे, जिथे माल ठेवला की पाणी ओसरल्यावर पलीकडची माणसे येऊन नेतात.

मोबदल्याची पद्धत बदलल्याशिवाय वरचे काहीही टिकत नाही

दर पार्सलामागे सरसकट एकच रक्कम दिली तर मुलगा महामार्गावरची दहा पार्सले आनंदाने वाटेल आणि सात किलोमीटर आतले एक पार्सल टाळेल. हा त्याचा दोष नाही, पेट्रोल त्याचे आहे. आम्ही आता आतल्या गावाला फेरीचा ठरलेला दर देतो, पार्सले कितीही असोत, आणि त्यावर पहिल्याच फेरीत पोहोचलेल्या प्रत्येक पार्सलामागे थोडी भर घालतो. पोड आणि तांड्यांचा दर याहून अधिक आहे आणि तिथला माल सकाळच्याच फेरीत जातो; दुपारी तीननंतर जंगलवाटेचे कोणतेही पार्सल पिशवीत टाकायचे नाही, असा दंडक आहे. 'गेलोच नाही' हा गठ्ठा आमच्याकडे मुख्यतः या दोन बदलांनी कमी झाला.

फरक पडला की नाही, हे कसे पाहावे

चार आठवड्यांनी पुन्हा पंधरा दिवस वही भरून घ्यावी. एकूण किती पार्सले पोहोचली हा आकडा फसवा असतो, कारण तिसऱ्या फेरीत पोहोचलेले पार्सलही त्यात येते. पाहायचे दोनच आकडे : शंभरातली किती पार्सले पहिल्या फेरीत पोहोचली, आणि दर पोहोचलेल्या पार्सलामागे गाडी किती किलोमीटर धावली. पहिला वाढला आणि दुसरा घटला तर पद्धत लागू पडली. पहिला वाढला पण दुसरा तसाच राहिला, तर वार पाळले जात नाहीत असे समजावे आणि कोणत्या गावात ठरलेल्या दिवसाव्यतिरिक्त फेरी झाली ते वहीत शोधावे. दुसरा घटला पण पहिला हलला नाही, तर सकाळची वेळ किंवा आदल्या दिवशीचा फोन चुकतो आहे. आणि दोन्ही होते तिथेच असतील, तर सायंकाळी परत आलेल्या गठ्ठ्यातली कोणतीही दहा पार्सले उचलून त्या दहा ग्राहकांना हबच्या मालकाने स्वतः फोन करावा आणि 'आज आमचा माणूस तुमच्याकडे आला होता का' एवढेच विचारावे.